गुंड क्रमांक तीन

स्क्रिप्टमध्ये त्याला नाव नव्हतं.
"गुंड क्र. ३" एवढंच टाइप केलेलं,
रिबन संपत आल्यासारखं फिकट.
कपडे: पट्ट्यापट्ट्यांचा बनियन.
काम: पान विसावर पाण्याच्या टाकीवरून खाली पडणे.

मी फुग्यांतली अक्षरं काढायचे,
खेतवाडीत, प्रेसच्या माळ्यावर.
एका फुग्याला पंधरा पैसे.
"धडाम"चे पंचवीस, कारण त्याला छाया लागे.

चित्रं गोराईच्या ऑस्वल्डची.
त्या दिवशी सकाळची बोट चुकली होती त्याची,
घाईत ब्रश जरासा सरकला
आणि गुंड क्रमांक तीनची बुबुळं
कमांडर लखलखकडे न बघता
सरळ बाहेर आली.
माझ्याकडे.

ऑस्वल्ड म्हणाला, व्हाइट लावून दुरुस्त करतो.
व्हाइटची बाटली वाळलेली.
वर त्याच्या डोक्यावरचा फुगाही रिकामा,
लेखक कावीळ होऊन नायरमध्ये,
आणि सहा वाजता पानं कॅमेऱ्याखाली जाणार.

चौथ्या भिंतीबद्दल पुढे एकाने मला भाषण दिलं,
नाटकवाला होता, झब्बा वगैरे.
मी म्हटलं, आमच्या खोलीत ती प्लायवूडची आहे.
पलीकडच्या बिवलकरकाकूंना
आमची डाळ करपल्याचं आमच्याआधी कळतं,
आणि त्या तसं सांगतात.
भिंतीपलीकडून कुणी बोललं
तर ऐकून घ्यायचं असतं,
मला एवढंच माहीत.

म्हणून ऐकलं, आणि लिहिलं.
बारीक निबने, ठळक न करता:
"ओ, तुम्ही. पान उलटू नका."

मग पान विसावरचा "धप्प"
तोही मीच काढला.
छायेसकट. पंचवीस पैसे.

मालकांनी पाच रुपये कापले.
म्हणाले, पान उलटू नका म्हणून सांगणारं पुस्तक
खपायचं कसं, बाई?

दोन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं.
हरेश्वर तांडेल, वर्सोवा, इयत्ता पाचवी ब.
"मी पान उलटलं नाही.
ताईलाही उलटू दिलं नाही, टाचण्या लावल्या आहेत.
पुढे काय झालं ते कृपया कळवू नये.
ता. क. त्याचं नाव काय?"

मालक हसले. ऑस्वल्ड हसला नाही,
त्याने नवी व्हाइटची बाटली आणलेली
ती तशीच खिशात ठेवली.
मी उत्तर लिहायला घेतलं.
"प्रिय हरेश्वर, त्याचं नाव"
इथवर अक्षर फार सुरेख आलं आहे.
ते कार्ड अजून माझ्याकडेच.

आता त्याच गल्लीत बाविसावा मजला.
चारी भिंती पक्क्या,
खिळा ठोकायचा तर सोसायटीला अर्ज.
बिवलकरकाकू नाहीत. डाळ करपते
ती करपल्यावरच कळते.
हात थरथरतो, सरळ रेघ म्हणून काढलेली
चाळणीसारखी उमटते.

अंकाची एक प्रत आहे. मी एकोणीसपर्यंतच जाते.
तो तिथे उभा, बनियनवर, टाकीच्या कठड्यावर,
चाळीस वर्षं तोंड माझ्याकडे करून.
हाक मारावीशी वाटते, आणि नाव नाही
म्हणून मीच म्हणते, ओ, तुम्ही.

तो काही म्हणतही असेल.
पण फुग्यात जागा नाही.
तेव्हा हात चांगला होता माझा,
कडेपर्यंत भरला होता.