ऐनापूरला मुक्काम

अथणीची शेवटची गाडी चुकली
म्हणून बयलाट पाहिला.

कन्नड मला येतं ते बाजारापुरतं :
कितीला, कमी करा, बस कुठं थांबते.
शेजारच्या बाळव्वा तंबाखू मळत
मराठीत सांगत होत्या,
"ही राणी. रुसलीय. तो राजा. खोटं बोलतोय."

राणीची मिशी
रंगाखालून निळसर दिसत होती.
"दिवसा कंडक्टर हाय. सकाळी त्येचीच गाडी."

मग झांजा थांबल्या.
राणी एकटीच बोलत राहिली, बराच वेळ.
मी बाळव्वांकडं पाहिलं.
चुन्याचं बोट तसंच हवेत.
"थांब की," म्हणाल्या, "ऐकू दे."

साडेपाचच्या गाडीत
त्याच्या कानामागं
पिवळा रंग राहिला होता.
मी पाचशेची नोट पुढं केली.
"सुट्टे?" म्हणाला,
तसाच रुसून.