नमुना सही

एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरमागं
शालन लोकांच्या सह्या ताडून बघायची.
चेकवरची एक, कार्डावरची एक.
'र'ची शेपटी आखूड झाली तरी तिला कळायचं,
माणूस आजारी आहे
किंवा चेक पोरानं आणलाय.

दोन वर्षांमागं, चैत्रात,
तिच्याच बँकेनं तिचाच चेक परत पाठवला.
शेरा: सही जुळत नाही.
तो कागद मी तिला दाखवला नाही.
उद्यमनगरात लेथवर जन्म गेला माझा,
अर्धं सूत इकडंतिकडं झालं की हाताला कळतं;
घरात इतकं निसटत होतं
आणि मी ते वय म्हणून सोडून दिलं.

वकील निल्ले सरळ बोलले.
मुखत्यारपत्र करा, मृत्युपत्र करा, आणि आत्ताच.
त्यांना समजतंय तोवरच सही खरी.
समज पुरती गेली की मुखत्यारपत्रही लुळं पडतं,
मग कोर्टात अर्ज करायचा,
कोर्ट तुम्हाला त्यांचा पालक नेमेल.

शालन एकदम वळली.
"पालक? जुडी कितीला?"
निल्लेंनी चष्मा काढून पुसला.
मी म्हटलं, वीसला गं.
"महाग आहे. नको."

डॉक्टरांनी दाखला दिला, तारीख-वेळ घालून.
आम्ही अकराची वेळ मागून घेतली,
कारण अकरा ते एक ती घरी असते,
म्हणजे स्वतःत असते.
राजारामपुरीतून रिक्षानं आम्ही,
वैजू इचलकरंजीहून थेट.
कारकुनानं एका दमात वाचलं:
लिहून देणार, लिहून घेणार,
स्थिर बुद्धीने, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना.
कॅमेऱ्याकडं बघा. अंगठा दाबा.
यंत्राला अंगठा ओळखता येईना,
नोटा मोजून रेषा झिजलेल्या.
तिच्याच पदरानं मी तो तीनदा पुसला.

साहेबांनी विचारलं, आजी, हे कसले कागद?
वैजूनं माझी बाही धरली.
"माझं डोकं बंद पडायच्या आत करायचे ते.
पैसे ह्यांनी काढायचे.
विकायचं मात्र काही नाही, वैजूला विचारल्याबिगर."
हे तिला कुणी पढवलं नव्हतं.

मग मी सही केली.
तिनं कागद ओढला, बोट ठेवलं,
"ही जुळत नाही. परत करा."
सगळे हसले.
मगदूममधल्या 'म'ची गाठ
खरंच सुटली होती.

दुसऱ्या दिवशी निल्लेंकडं मी एकटाच गेलो.
म्हटलं, आणि मी आधी गेलो तर?
त्यांनी नवा कागद काढला.

आता भडंग बंद. ठसका लागतो.
पाणीसुद्धा पावडर घालून, दाट करून, चमच्यानं.
वजन एक्केचाळीस.
दसऱ्याच्या रात्री ती मला मारायला उठली,
तोंडात अशा शिव्या
की पन्नास वर्षांत मी ऐकल्या नव्हत्या.
वाटलं, संपलं, हिचं सगळंच गेलं.
निघालं लघवीतलं इन्फेक्शन.
अचानक बिघडलं तर आधी ते तपासायचं,
हे मला सिस्टरनी सांगितलं, जिन्यात, जाता जाता.
पाच दिवसांच्या गोळ्यांनी निम्मी परत आली.
निम्मी म्हणजे किती,
त्याचं गेज माझ्याकडं नाही.

कोर्टाचा अर्ज फायलीत टाईप होऊन पडलाय.
तारखेची जागा कोरी.
मी रोज म्हणतो, उद्या.

रात्री दोनला ती जागी असते.
मी कॅलेंडरचं फाडलेलं पान उलटं करतो.
ती लिहीत नाही आता. मीच सह्या करतो,
एकाखाली एक, हळू,
'म'ची गाठ बांधत,
आणि पान तिच्यापुढं सरकवतो.
ती बोट फिरवते. मान वर करून बघते,
अनोळखी माणसाकडं बघावं तशी, पण अदबीनं.

"बसा," म्हणते,
"कार्ड काढून बघते."