बॉडी हलवताना

उर्पोनं खडूनं जमिनीवर चौकट आखली.
माझा भाऊ. वय एकोणसत्तर, शाबूत गुडघा एकच.
म्हणाला, हिल्का, टेप धर.
मी शून्याकडचं टोक धरलं.
लहानपणापासून शून्याकडचं टोक माझ्याकडेच.

कोक्कोलातला मार्च. छपरावरून पाणी ठिबकतं
आणि दुपार कलली की ठिबकता ठिबकता गोठतं.
शेडमध्ये वडिलांची साब, हिरवी,
म्हणजे एकेकाळी हिरवी.
इंजिन निघालं, काचा निघाल्या, चाकं निघाली,
बर्चच्या ओंडक्यांवर उरली नुसती बॉडी.
तळाची अशी चाळण झालेली
की आत दिवा धरला तर खाली चांदणं सांडतं.
दारांच्या जागी त्यानं तिरके गज वेल्ड केलेत,
सडकं कापताना सगळं अंगच वाकू नये म्हणून.

आता ती अंगणापलीकडे न्यायची,
जिथं हीटर आहे, तिथं.
त्यासाठी गाडा: पाच सेंटिमीटरची चौकोनी नळी,
दोन लांब, तीन आडव्या,
वर चार खुंट, बोल्टांच्या जुन्या भोकांत बरोबर बसतील असे.
इथवर त्याचं सगळं बिनचूक.
मग म्हणाला, दोन चाकं फिरती, दोन पक्की.
मी म्हटलं, चारही फिरती.
तो म्हणाला, तुला काय कळतं वेल्डिंगमधलं.

वेल्डिंगमधलं काही कळत नाही.
पण सत्तावीस वर्षं मी रात्रपाळीला होते,
बॉडी कशी हलवायची ते मला कुणी शिकवू नये.
शेवटच्या वळणावर, लिफ्टच्या तोंडाशी
आडवं सरकावं लागतं हातभर,
आणि पक्की चाकं आडवी सरकत नाहीत.
भंगारात निघालेल्या पलंगाची चार चाकं मी आणून ठेवली होती,
लाल ब्रेकची, एकावर अजून चिकटपट्टी: ७ ब.
त्यानं ती उलटीपालटी करून पाहिली. काही बोलला नाही.
संध्याकाळी बघते तर लावलेली.

शनिवारी शेजारचा नुत्ती आला, तेरा वर्षांचा, नव्या हातमोज्यांत.
खडीत चाकं रुततात, म्हणून प्लायवूडचे चार तुकडे:
मागचा उचलायचा, पुढे टाकायचा,
मागचा उचलायचा, पुढे टाकायचा.
चाळीस मीटरला पाऊण तास.
मध्ये दोनदा कॉफी.

दारात उर्पोला घाई झाली. त्यानं उलटं ओढलं.
फिरती चाकं उलटी ओढली की आधी स्वतःभोवती गिरकी घेतात,
वीतभर कुठं जातील नेम नसतो.
बॉडी चौकटीवर घासली. लाकडावर हिरवा ओरखडा.
हिरवा! कुठं दडला होता इतका रंग?
उर्पोनं बोटीवरच्या पाच-सहा शिव्या हासडल्या,
नुत्तीनं मन लावून ऐकल्या.

ओढायचं नाही, मी म्हटलं. ढकलायचं.
पायांकडची बाजू पुढे, डोक्याशी आपण.
हे बोलून झाल्यावर लक्षात आलं मी काय बोलले.

वडिलांना मीच नेलं होतं.
पाळी माझी होती, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.
उर्पो तेव्हा रॉटरडॅमजवळ कुठंतरी टँकरवर;
पोचला तोवर फुलंसुद्धा काढून टाकली होती.
एकतीस वर्षांत त्यानं त्या रात्रीबद्दल
एक प्रश्न विचारला नाही,
मीही सांगितलं नाही. जेवायला काय, एवढं विचारत राहिलो.

बॉडी आत आली. एका बोटानं फिरवता येत होती,
नुत्तीनं फिरवून पाहिली, मग परत, मग पुन्हा.
उर्पो खाली बसला, चांगला गुडघा टेकून,
आणि चाकाला ग्रीस लावता लावता, चाकालाच विचारावं तसं:
कुरकुरत होतं का गं? त्यांना नेताना?

एक कुरकुरत होतं, मी म्हटलं.
डावीकडचं, पुढचं.

त्यानं डावीकडच्या पुढच्या चाकाला
पुन्हा एकदा ग्रीस लावलं.
बाहेर प्लायवूड खडीला चिकटून गोठायला लागलं होतं.
नुत्ती, मी ओरडले, फळ्या!