मंगळवारी फाटक बंद

मंगळवारी आणि गुरुवारी
मोटारींना वर जायला मनाई.
आडवा लाल-पांढरा दांडा, त्याला कुलूप,
बाजूला सायकलपुरती फट.
तिच्यातून जाताना माझं हँडल
दरवेळी डावीकडेच घासतं.

हा रस्ता तोफांसाठी बांधला.
तोफा वर पोचल्या की नाही
याबद्दल गावात दोन मतं आहेत.
सैनिकांनी खडी फोडली, वळणं मोजून घातली,
खेचरांना दम लागणार नाही
एवढाच चढ ठेवला.
त्या खेचरांची मी ऋणी आहे,
माझे गुडघे अधिक.

खडी मला टायरखाली ओळखू येते.
खाली वाटाण्याएवढी, बोलकी.
बोगद्याजवळ पाटीच्या दगडाची,
खापरं फुटावीत तशी वाजणारी.
बोगद्यात ओली, गप्प.
आणि वर, गाई सोडतात तिथे,
पांढरी, पिठासारखी, दातांत येणारी
(दिवसभर बेकरीत पीठ, सुट्टीलाही पीठ).

गाड्या नसल्या की शांतता असते
असं हॉटेलवाले सांगतात.
नसते.
मार्मोट शिट्ट्या मारतात, साखळी तेल मागते,
माझ्या छातीत कुणी लाकूड कापत बसतं.

खिंडीत पोचले तेव्हा अकरा.
पाव, चीज, एक जर्दाळू.
फ्रान्सकडचे ढग
बूट न काढता आत आलेले.

उतरताना तिसऱ्याच वळणावर
पुढचा ब्रेक दाबला
आणि लोखंडावर लोखंड किंचाळलं.
मागचा तर ईस्टरपासून नावापुरताच.
घर चौदा किलोमीटर खाली,
आणि फाटक बंद, म्हणजे
कुणाची जीप येणार नाही, कुणी उचलून नेणार नाही.
हेच हवं होतं ना तुला, नीवेस?

माझे वडील खारवलेली अँचोवी विकायचे.
डोंगरातला माणूस, पोहता न येणारा,
हिवाळाभर गाडा घेऊन मैदानातल्या गावांतून
समुद्र किलोवर विकायचा.
उताराला गाड्यामागे
लार्चचा ओंडका बांधायचे, फरफटत येईल असा.
गाठ सैल ठेव,
ओंडका अडकला तर गाडा उलटतो.
एवढंच शिकवलं त्यांनी मला.
बाकी फारसं बोलत नसत.

मी ओंडका शोधला,
हिमकड्याने पाडलेला, मांडीएवढा.
सुटी ट्यूब काढली, सीटखाली बांधली,
आणि निघाले,
बैलाच्या गतीने,
मागे धूळ, धुळीत एक रेघ,
आणि असा आवाज की मार्मोटही गप्प.

मधल्या वाडीत सात घरं, एक धुराडं.
क्याफ्रेदो रस्त्याकडे पाठ करून बसतो,
डोळे गेल्यापासून त्याला दोन्ही बाजू सारख्याच.
आवाज ऐकून तो उठला,
भिंतीला हात लावत आत गेला,
आणि एनॅमलचं भांडं घेऊन
रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला.

मी पाय घासत, शिव्या घालत थांबले.

"उशीर केलास," तो आमच्या बोलीत म्हणाला.
"लसूण केव्हाचा सोलून ठेवलाय."

काय सांगणार? की बेर्नार्दीन गेल्याला
अकरा हिवाळे झाले,
गाडा पंचायतीच्या संग्रहालयात आहे,
त्याच्यावर हात लावू नये अशी पाटी आहे?
"संपली," मी म्हटलं. "खालीच सगळी विकली गेली."

तो भांड्यात बघत राहिला, म्हणजे
मान तशी केली.
मग वाकला. चाक चाचपलं, टायरवर अंगठा दाबून पाहिला,
"हे काय, गाडा सडपातळ झाला," असं काहीतरी पुटपुटला,
ट्यूब हाताशी धरून धरून मागे गेला,
गाठीपर्यंत.

"घट्ट झालीय."

भांडं माझ्या हातात दिलं,
गाठ सोडली,
आणि पुन्हा बांधली.