रंग अजून ठरलेला नाही

कार्ड रीडरात घालण्याआधी मी फुंकर मारते.
सवय आहे; बंदराची वाळू कुठेही शिरते.
हर्णै. गिरणीच्या माडीवर माझा स्टुडिओ.
खाली तांदळाचं पीठ पडतंय,
वर पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकते आहे:
आंजर्ल्याचा साखरपुडा, चारशे बारा फोटो,
उरले तीनशे नव्वद.

कुंदा चोगले स्टुलाच्या टोकावर बसली आहे.
तिच्या फोनमध्ये बाबा आहेत,
संध्याकाळच्या लिलावातले, हसणारे,
मीच काढलेले, शिमग्याच्या आधी,
आणि मीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले.
तिथून ते आत्याकडे गेले, आत्याकडून दुबईला,
दुबईहून बोटीच्या ग्रुपवर,
आणि हिराजी तांडेल गेल्यावर
तिथून परत हिच्याकडे.
"हाच मोठा करा. दीड फुटी. भिंतीवर लावायचाय."

मी मोठा करते.
हनुवटीचे चौकोन होतात,
मिशी फरशीसारखी.
जेपेग म्हणजे सुकवलेली मासळी, मी तिला सांगते.
पाणी काढलं की पिशवीत मावते, मुंबईला जाते,
पण परत समुद्रात सोडली तर पोहत नाही.
आणि ही तर दर हाताने पुन्हा पुन्हा वाळवलेली.
ती हसत नाही. सुकी मासळी तिचा धंदा आहे.
"आमची भिजवली की फुगते तरी," म्हणते.

कच्ची फाइल असेल. मी ठेवते,
पंचवीस-पंचवीस एमबीची एकेक,
डिस्क भरली म्हणून घरात बोलणी खाऊन.
सापडते. उघडत नाही.
सॉफ्टवेअर जुनं, कॅमेरा त्याच्यापेक्षा धाकटा;
ओटीवरच्या म्हाताऱ्यासारखं डोळे बारीक करून
विचारतं: कुणाचा रे तू?
मग डीएनजी करून घेते.
माणूस तोच, फक्त ओळख करून द्यायला
मध्ये कुणीतरी.

उघडतं, आणि कुंदा म्हणते, "हे खराब झालंय."
फिकट, राखाडी, कशालाच धार नाही.
खराब नाही गं. अजून काही ठरलेलं नाही.
तुझ्या फोनमधल्यात कॅमेऱ्यानेच ठरवून टाकलं होतं
काळं किती, लाल किती, आणि उरलेलं फेकून दिलं होतं.
इथे तो नुसता उजेड मोजून गप्प बसलाय.

मी सावली उचलते.
जिथे काळं होतं तिथे टोपल्या येतात,
बर्फाची लादी,
आणि कडेला एक हात, चहाचा ग्लास पुढे केलेला.
"नामाकाका," कुंदा म्हणते, बोटातल्या अंगठीवरून.
म्हणजे ते माझ्याकडे बघून हसत नव्हते तर.
इतके महिने मला वाटत होतं.

राहिला शर्ट.
बंदरावरचे दिवे असे, की पांढराही हळदीचा दिसतो.
एक पट्टी आहे, डावीकडे निळी, उजवीकडे पिवळी,
आणि त्या संध्याकाळचं खरं मध्ये कुठेतरी.
"कुठला होता?"
"पोपटी."
तरी आईला फोन लावते. आई म्हणते,
आकाशी, मी धुतलाय तो, मला विचारा.
नामाकाकांना लावते.
"त्यानं शर्ट घातला होता?"

पोपटी. आकाशी. परत पोपटी.
माझं बोट माउसवर, तिचं ओठावर.
गिरणी थांबते, तेव्हा कळतं किती आवाज होता.
"आईचा करा," ती म्हणते. "भिंत तिची आहे."

दापोलीच्या लॅबला टिफ पाठवायची,
जड असते, पण एक कणही गाळत नाही.
तिने पैसे मोजले, चपला घातल्या,
आणि जिन्यातून परत वर आली.
"तो कच्चा तेवढा पुसू नका.
आई नसली की कधीतरी
पोपटी करून बघेन."

तोवर साखरपुडा उतरून झाला होता.
कार्डावरचे फोटो काढून टाकायचे का,
पडद्यावर विचारत होतं.
मी चहा टाकायला उठले.