नाव ठेवायचं नाही

पाम बीच रोडवर पहाटे कोल्ही गेली.
दुभाजकातल्या बोगनवेलीपाशी
कूस वळवून निजल्यासारखी.
काझी डॉक्टरांनी पोटावरून हात फिरवला,
आचळं दुधानं तटतटलेली.
"पिल्लं आहेत," म्हणाल्या, "आणि उपाशी आहेत."

दोन दिवस आम्ही तिवरांतून वाकून हिंडलो.
तिसऱ्या दिवशी उघाडीच्या फुटक्या पाइपात
चार डोळे लुकलुकले.
पिल्लं तीन होती.

खोलीच्या भिंतीवर डॉक्टरांनी खडूनं लिहिलं:
बोलायचं नाही.
कुरवाळायचं नाही.
अंगावर गोणपाट, हाताला खाडीचा चिखल.
आणि नाव ठेवायचं नाही.

आता आमच्या करावे गावात
नावं ठेवायला कुणाला शिकवावं लागत नाही.
सुनेला ठेवतात, बाजारच्या बोंबलाला ठेवतात,
साडेबारा टक्क्यांत मिळालेल्या प्लॉटला तर रोज ठेवतात.
पण नाव न ठेवणं?
आमच्यात होडीलासुद्धा नाव असतं.
बाबाच्या होडीला आईचं होतं.
होडी खाजणात कुजली, त्याला सहा वर्षं झाली.
ते नाव त्यानं पुन्हा घेतलेलं मी ऐकलं नव्हतं.

बाबा म्हणजे बडबडा माणूस.
पाचव्या दिवशी बादली घेऊन दारात उभा.
"आई नाय, तर चिंबोरी कोन शिकवील यांना?"
भिंतीवरचे नियम मी वाचून दाखवले,
त्यानं गोणपाट डोक्यावर ओढलं
आणि त्या खोलीत पुढचे पाच महिने
तोंडातून शब्द काढला नाही.

पहिली चिंबोरी जिंकली.
थोरल्याच्या नाकाला लोंबकळली,
तो किंचाळत भिंतीवर आपटला,
मी धावले, तर बाबानं मनगट धरलं.
दुसरी चिंबोरीही जिंकली.
अकराव्या का बाराव्या खेपेला
धाकट्यानं मागून जाऊन पंजा दाबला,
आधी एक नांगी मोडली, मग दुसरी,
मग सावकाश पोट.
मी सात वर्षांची असताना
मला अशीच शिकवली होती बाबानं.
शेजारी बसून. गप्प.

कोल्हा काकडीला राजी म्हणतात.
ज्यानं म्हटलं तो खाडीकाठचा नसणार.

श्रावणात धाकटा तापला.
रात्रभर ड्रॉपरनं पाणी, गोणपाटाआडून त्याचा श्वास,
भट्टीतून काढल्यासारखे कान.
एक नाव ओठांपर्यंत आलं माझ्या.
गिळलं.
इथेही लिहिणार नाही.

मग आश्विनातली अवस, ओहोटी, बांधापलीकडचा काळोख.
वनखात्याच्या माणसानं पिंजऱ्याची कडी काढली.
थोरला गेला, मागे न बघता,
जणू आम्हीच इतके महिने त्याची वाट अडवून बसलो होतो.
धाकटा थांबला.
वळून बाबाच्या पायापाशी आला, गोणपाट हुंगायला लागला.
बाबानं खाली वाकून ढेकूळ उचललं
आणि मारलं.
नेम चुकवून, अगदी अंगालगत.
दुसरं मारलं.
तिवरांत फांद्या मोडल्याचा आवाज झाला,
मग चिखलाचा, मग कसलाच नाही.
तिसरं ढेकूळ त्यानं घरापर्यंत मुठीत आणलं.

परवा टॉवरमधल्या कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं,
रात्री खाडीकडे बायका रडल्यासारखा आवाज येतो,
बंदोबस्त करावा.
आम्ही गच्चीवर होतो. थंडी पडली होती.
कोल्हेकुई उठली, आधी लांबून एक,
मग तिला जवळून दुसरी.
"दोगं हायेत," बाबा म्हणाला.
मी विचारलं, "जवळचा कोण? धाकटा?"
"मना काय ठावं. नावं कुठं हायेत त्यांना."
बराच वेळ गेला.
पलीकडे एक्स्प्रेसवेसारखी गाड्यांची सळसळ चाललेली.
मला वाटलं झोपला.
तेवढ्यात कूस न वळवता म्हणाला,
"हिरू असती तर तिनं ठेवली असती."