प्ले

कारमार्थनच्या अलीकडे, पुलाच्या उतारावर
वारा सुटला की गाडी आधी विचार करायची,
मग ऐकायची.
मी म्हणायचे, अठरा वर्षांची झाली, कमी ऐकू येत असेल.

एमरिसने जॅक लावलाच नाही.
चाकं जमिनीवर हवीत म्हणाला,
ओझं अंगावर असताना वाजतं तेच खरं.
मला आत बसवलं.
डावं, उजवं, थोडंसंच,
चाळण हलवावी तसं.
तो खाली, ओल्या काँक्रीटवर पाठ टेकून,
एकेका सांध्यावर बोटं ठेवत गेला.
मी हॉस्पिटलात दिवसभर लोकांचे गुडघे धरते,
तस्साच.

रॅक ठीक. कॉलम ठीक.
मग डाव्या चाकापाशी
टक्.
"परत."
टक्.

टाय रॉडचा एंड. रबर फाटलेलं,
ग्रीसच्या जागी गंज,
आणि पेरभर प्ले.
एवढ्याशा पोकळीवर मी दोन हिवाळे काढले,
प्रत्येक वळणाला थोडं आगाऊ, थोडं जास्त.

नवा बसला. नट आवळला, पिन वाकवली.
ट्रॅकिंग करून घे, तोवर सावकाश, म्हणाला.
साठ पौंड. चहा त्याचाच.

परतताना पहिल्याच राउंडअबाउटला
मी सवयीने जास्तीचा वळसा दिला
आणि एका शब्दात ऐकणारी गाडी
थेट कुंपणाकडे निघाली.
मागून हॉर्न. कपाळावर घाम.

आठवडा झाला.
हात अजून चाचपतात
ती पेरभर मोकळी जागा,
जिथे मी चूक
होण्याआधीच दुरुस्त करत होते.